तुम्ही बसा

आमच्या इमारतीत हात असलेली खुर्ची एकच आहे आणि ती माझी आहे. तशी ती समितीच्या मालकीची आहे, तिच्या पाठीवर रंगाने तसं लिहिलेलंही आहे म्हणतात. पण कुठलाही कार्यक्रम असो, तळमजल्याच्या हॉलमध्ये सगळ्यात आधी ती येते आणि तिच्यामागोमाग मला आणलं जातं. सेक्रेटरी माझा दंड धरतात, काचेचं कपाट हलवावं तसं मला सावकाश वळवतात, खुर्चीचा हात माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "तुम्ही बसा." मी बसतो. मग बाकीच्यांचा कार्यक्रम सुरू होतो.

मला जन्मापासून दिसत नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि तक्रारींविषयी मी थोडं अधिकाराने बोलू शकतो, कारण एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात मी फोन घेतो. दिवसभर लोक माझ्या कानात संतापत असतात. खरोखर कोण नाडला गेलाय, कोणाची गाडी खांबाला आपणहून धडकलेली नाही आणि कोण केवळ बायको शेजारी उभी आहे म्हणून आवाज चढवतोय, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. अडलेली प्रकरणं साहेब गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवतात. आणि असे कान असलेला माणूस इमारतीच्या वार्षिक क्रीडादिनाला काय करत होता, तर बक्षिसं देत होता.

मध्ये एक वर्ष मला संगीत खुर्चीचं संगीत बंद करण्याचं काम मिळालं. ह्यांना कोण कुठे आहे ते दिसणार नाही, म्हणजे पक्षपात होणार नाही, असा त्यामागे समितीचा विचार होता. विचार चुकीचा होता. आमच्या मजल्यावरच्या वहिनींच्या चपला मला चांगल्या ओळखू येतात. त्यांनी आमची शिडी नेऊन परत केली नव्हती. त्या खुर्च्यांच्या रांगेला वळसा घालायला कोपऱ्यावर आल्या की मी बटण दाबलं आणि वहिनी पहिल्याच फेरीत बाद झाल्या. पुढच्या वर्षीपासून मला पुन्हा खुर्चीत बसवलं गेलं.

घरात मला बसा असं कोणी म्हणत नाही. बायको एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, दिवसभर लोकांना गप्प बसवून दमून येते आणि मला म्हणते, "उठा, कपडे वाळत घाला." त्यामुळे बसण्याची खरी सवय मला घराबाहेरच लागली. या वर्षी मात्र मी ठरवलं की बस झालं. क्रीडादिनाला त्या हॉलमध्ये एकदा तरी मी उभं राहून खेळणार. यात कुणाला काही मोठं वाटणार नाही, पण मला ते फार हवं होतं. पन्नाशी उलटली होती आणि इमारतीतल्या एकाही माणसाने अजून मला हरवलेलं नव्हतं, कारण कोणी माझ्याशी खेळलंच नव्हतं.

याला निमित्त झाली एक तक्रार. एका बँकेतल्या बाईंनी विम्याचा हप्ता चुकीचा कापल्याबद्दल फोन केला. त्या इतक्या मुद्देसूद भांडत होत्या की मला आदरच वाटायला लागला. मी कागद बोटांनी वाचतोय हे त्यांनी माझ्या थांबण्यावरून ओळखलं. म्हणाल्या, "तुम्हालाही दिसत नाही वाटतं?" मग हप्ता राहिला बाजूला. त्या गोलबॉल खेळत, तिघांचा त्यांचा संघ होता आणि त्या त्याच्या कप्तान होत्या. मीही शाळेत असताना खेळलो होतो. बोलता बोलता मी म्हणून गेलो की आमच्या इमारतीचा संघ तुम्हाला कधीही हरवेल. आमच्या इमारतीला संघ नव्हता, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

हा खेळ असा असतो. हॉलच्या दोन टोकांना, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दोन गोल. प्रत्येक बाजूला तिघे. चेंडूत घंटा. तो जमिनीवरून घरंगळत जोरात सोडायचा आणि समोरच्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखून, आडवं पडून तो अंगाने अडवायचा. जमिनीवरच्या रेघांखाली दोरी चिकटवलेली असते, ती पायाला लागते, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते. कुणाला थोडं दिसतं, कुणाला अजिबात नाही, पट्टी बांधली की सगळे सारखे. म्हणून मला आणखी दोन आंधळे शोधायची गरज नव्हती. कोणीही दोन शेजारी चालणार होते.

समितीच्या बैठकीत मी विषय मांडला. निम्म्या लोकांनी तो व्हॉलीबॉल ऐकला आणि पंखे फुटतील म्हणून हरकत घेतली. पाचव्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "त्यापेक्षा बुद्धिबळ खेळा. बसल्या बसल्या होतं." तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी चेंडू चांगला मोठा आणि पिवळा घ्या, म्हणजे पटकन दिसतो, असा मनापासून सल्ला दिला. वहिनींनी विचारलं, पडलात, लागलं, तर जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, मी विमा कंपनीत आहे. त्यावर त्या म्हणाल्या, म्हणूनच विचारतेय.

शेवटी बैठकीने होकार दिला तो खेळ पसंत पडला म्हणून नव्हे, तर सेक्रेटरींमुळे. त्यांचं पडद्यांचं दुकान आहे. माणूस अतिशय सज्जन. लिफ्टमध्ये मजला सांगणारा आवाज त्यांनीच माझ्यासाठी बसवून घेतला, त्यामुळे इमारतभर दिवसभर एक बाई "कृपया दरवाजा नीट बंद करा" असं बजावत असते आणि लोक मला दुवा देतात की शिव्या, हे मी कधी विचारलेलं नाही. ते म्हणाले, "ह्यांनी आजवर कधी काही मागितलेलं नाही. मी खेळतो त्यांच्याबरोबर." आणि तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, मीही येतो. डॉक्टरांना बोलायला माणसं लागतात. दवाखान्यात समोरच्याचं तोंड उघडं असतं पण उत्तर देता येत नाही, त्यामुळे ते अखंड बोलतात आणि ती सवय दवाखान्याबाहेरही सुटलेली नाही. ज्या खेळात चेंडू ऐकण्यासाठी टाचणी पडल्याचा आवाज यावा इतकी शांतता लागते, त्या खेळात मला असा गडी मिळाला.

घंटेचा चेंडू सरकारी क्रीडा कार्यालयात उसना मिळतो असं बँकेच्या बाईंनी सांगितलं होतं. मी सेक्रेटरींना घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने माझी काठी ऐकली आणि तो ताबडतोब म्हणाला, "तुम्ही बसा." मी बसलो. मग माझ्याबद्दलचं सगळं बोलणं त्याने सेक्रेटरींशी केलं.

"हे खेळणार का?"

"मला विचारा," मी म्हटलं.

"हो का," तो सेक्रेटरींना म्हणाला. "पण नियमात अंध खेळाडूंसाठी असं आहे. अर्जावरून यांचे बाकीचे दोघे डोळस दिसतात. डोळसांना हा चेंडू देता येत नाही."

"ते पट्टी बांधून खेळतात," मी म्हटलं.

"मग पट्टी बांधल्यावर त्यांना कशात धरायचं?"

हा प्रश्न घेऊन तो आतल्या साहेबांकडे गेला आणि परत येऊन म्हणाला, "साहेब म्हणाले, बघू." डोळस लोकांचं मला हे एक कोडं आहे. नळ गळतोय, बघू. रस्त्यात खड्डा आहे, बघू. सगळं बघतो म्हणतात आणि बघत कोणीच नाही. इतका फुकट जाणारा अवयव दुसरा नसेल. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा साहेब स्वतः बाहेर आले आणि त्यांनी तोडगा काढला, की दोघांनी आपण डोळस असल्याचा डॉक्टरी दाखला आणावा, म्हणजे फाइलमध्ये ते कोण आहेत हे तरी स्पष्ट राहील.

आंधळा असल्याचा दाखला मी आयुष्यभर खिशात बाळगत आलो आहे. दिसत असल्याचा दाखला काढायला दोन माणसं वणवण करत आहेत, हे पाहायला, म्हणजे ऐकायला, मला किती बरं वाटलं ते मी लपवणार नाही. आमचे डॉक्टर आपल्याच दवाखान्याच्या कागदावर दोघांनाही लिहून द्यायला निघाले होते, पण दातांचं चालणार नाही असं कारकुनाने कळवलं. मग ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दंतवैद्य पास झाले. सेक्रेटरींना भिंतीवरच्या तक्त्यावरची तिसरी ओळसुद्धा वाचता येईना. माणूस कित्येक वर्षं चष्म्याशिवाय पडदे शिवत होता. हॉलच्या पडद्यांची शिवण तिरकी का आहे, याचा उलगडा बायकोला त्या दिवशी झाला.

सेक्रेटरी फार खचले. मी त्यांची समजूत काढायला गेलो, तर त्यांनी दार उघडून पहिलं काय म्हणावं, "या, तुम्ही बसा." दाखल्यावर चष्मा लावल्यास डोळस असं लिहून आलं होतं. कारकुनाने तो कागद बराच वेळ वाचला.

"खेळताना चष्मा लावणार का?"

"खेळताना पट्टी लावणार," मी म्हटलं.

त्याने चेंडू दिला. पण तो चेंडू मुका निघाला. हलवला, आपटला, कानाशी धरला, आतून अवाक्षर नाही. चौकशी केल्यावर कळलं की कपाट उघडलं की तो वाजायचा आणि साहेबांची तंद्री मोडायची, म्हणून कोणीतरी त्याच्या भोकांतून डिंक ओतून घंटा चिकटवून टाकल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा मी स्वतः कुठेतरी तक्रार केली. पलीकडून उत्तर आलं, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." हे वाक्य मी रोज लोकांना ऐकवतो. त्याचा अर्थ मला माहीत असल्यामुळे मी पुन्हा फोन केला नाही.

सामन्याला बँकेच्या बाई आपला चेंडू आणणार होत्या. सरावासाठी आम्ही साधा फुटबॉल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. तो घरंगळला की खुळखुळ नाही, पण सरसर तरी वाजे. पट्ट्या सेक्रेटरींनी दुकानातल्या उरलेल्या जाड पडद्याच्या कापडातून शिवून आणल्या. त्यांना खालून झालर होती. झालर कशाला असं मी विचारल्यावर ते म्हणाले, मोकळी कड बरी दिसत नाही. सामन्यापर्यंत बायकोने झालरी उसवून टाकल्या, तिन्ही पट्ट्यांच्या.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी एकही चेंडू सोडला नाही. मला शंका आली. नवा माणूस पट्टी बांधली की आधी श्वास रोखतो आणि पाय चाचपत टाकतो. डॉक्टर मात्र गाणं गुणगुणत होते. "डॉक्टर, नाकाच्या बाजूने बघताय," मी म्हटलं. त्यांनी आधी शपथ घेतली, मग नाकाच्या ठेवणीला दोष दिला आणि मग पट्टी घट्ट करून घेतली. त्यानंतर ते एकदा भिंतीला, एकदा खांबाला आणि एकदा सेक्रेटरींना धडकले. आणि एक चमत्कार झाला, ते गप्प झाले. दिसेनासं झाल्यावर त्यांना प्रथमच ऐकायची गरज पडली. दवाखान्यातल्या रोग्यांनी म्हणे माझे आभार मानले.

खरी अडचण सेक्रेटरींची होती. आमच्यात मधल्या जागी ते उभे राहत, त्यांच्या डावीकडे डॉक्टर आणि उजवीकडे मी. मधल्याला चेंडूचा अंदाज सगळ्यात आधी येतो, म्हणून त्याने ओरडायचं, चेंडू ज्याच्याकडे येईल त्याने जमिनीवर आडवं व्हायचं, असं मी शिकवलं होतं. सेक्रेटरींना अंदाज उत्तम येई. डॉक्टरांना ते कडाडून "आडवा!" म्हणत आणि डॉक्टर धाडकन आडवे होत. माझी पाळी आली की ते म्हणत, "चेंडू तुमच्याकडे येतोय, जरा आडवे होता का?" तोपर्यंत चेंडू मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला असे.

"अहो, नुसतं आडवा म्हणा," मी म्हटलं.

"तुम्हाला आडवा म्हणू?"

"डॉक्टरांना म्हणता ते."

"डॉक्टर मला धाकट्या भावासारखे आहेत."

"आणि मी?"

सेक्रेटरींनी चेंडूच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणजे... तुम्ही आहात."

ते वाईट हेतूने म्हणाले नाहीत. त्यांच्या आवाजात माया होती, आणि मायेत खोट असली तर मला ऐकू येते. पण घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा मी तिला ते वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना तुम्ही आवडता." मी म्हटलं, "ते मला माहीत आहे. मी त्यांना आवडतो, फक्त मी त्यांच्यातला नाही." आयुष्यात मला वाईट वागवणारे थोडेच भेटले. त्यांच्याशी भांडता येतं. ज्याने तुमच्यासाठी लिफ्टला बोलायला शिकवलं, त्याच्याशी काय भांडणार?  बायको ताट झाकून माझ्याजवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी एक शब्द सुचवला. म्हणाले, "बसा म्हटलं तर? छोटा आहे, आणि तोंडात बसलेला आहे." मी म्हटलं, जगातला दुसरा कुठलाही शब्द चालेल, तो सोडून. कारण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे त्यांनी घरी आरशासमोर "आडवे" म्हणण्याचा सराव केला, अशी बातमी त्यांच्या बायकोकडून आमच्या बायकोकडे आली. त्यांची प्रगतीही झाली. आडवे होता का, मग आडवे व्हा, आणि शेवटच्या दिवशी नुसतं आडवे. एवढ्यावर मी समाधान मानलं.

क्रीडादिन उजाडला. शांततेची व्यवस्था बायकोकडे होती. सगळी इमारत भिंतीकडेने दाटीवाटीने उभी असताना तिने वाचनालयातल्या आवाजात एकदाच सांगितलं, "चेंडू चालू असताना ज्याला बोलायचं असेल, त्याने बाहेर जाऊन बोलायचं." पन्नासेक माणसांनी एकदम तोंडं मिटल्याचं मला ऐकू आलं. लिफ्टमधली बाई तिचं ऐकणार नव्हती, म्हणून लिफ्ट बंद केली. बक्षिसं देणारा स्वतःच खेळणार म्हटल्यावर प्रमुख पाहुणे म्हणून पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना बोलावलं होतं. लिफ्ट बंद करताना ते वरच आहेत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बँकेच्या बाई वेळेवर आल्या. फोनवरच्यापेक्षा त्यांचा आवाज ठेंगणा होता, म्हणजे त्या ठेंगण्या होत्या. हात मिळवला तेव्हा कळलं की तो हात नुसता कागद चाळणारा नाही. "हप्ता अजून दुरुस्त झालेला नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तक्रार नोंदवून घेतली आहे." त्या म्हणाल्या, "आज वसूल करते."

त्यांचा पहिला चेंडू आला तो मला अजून आठवतो. खऱ्या घंटा होत्या. शाळा सुटल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता, आणि तो इतक्या वेगाने माझ्या छातीत येऊन बसला की मला थेट बालपण दिसलं, दिसलं हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. चेंडू मी अडवला होता. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही, कारण बायकोचा धाक होता, पण सगळ्यांचा रोखलेला श्वास सुटला. मी उठलो, रेघेची दोरी पायाने शोधली आणि फेकला. कोपऱ्यात सूर मारणारा गडी एका क्षणाने उशिरा पडला, हे मला तो पडल्यावर कळलं आणि पंचांना शिट्टी वाजवल्यावर. गोल माझा होता.

त्यानंतर मी आणखी काही गोल केले. किती ते सांगून मी स्वतःची तारीफ करणार नाही, ज्यांना हवं त्यांनी इमारतीत कुणालाही विचारावं. डॉक्टरांनी एक चेंडू हनुवटीने अडवला आणि दात शाबूत आहेत का ते जिभेने मोजत पुढचा डाव खेळले. सेक्रेटरी दोनदा "आडवे" म्हणाले आणि मी दोनदा आडवा झालो. मधेच कुणाच्या तरी चपला फरफटत आत आल्या, जिना उतरून दमलेला श्वास ऐकू आला आणि आजोबा कुजबुजत्या आवाजात समितीच्या नावाने जे बोलले ते बायकोने त्यांना बाहेर जाऊन बोलायला सांगितलं. पण बाहेर जायला त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखतो, हातांची खुर्ची ओढली की तिचा एक पाय कुरकुरतो.

बरोबरीवर सामना शेवटाला आला. वेळ संपत आलेली आणि चेंडू बँकेच्या बाईंच्या हातात. त्यांनी तो जमिनीवर दोनदा थोपटला, बहुधा माझा अंत पाहायला. मग सोडला. चेंडू सुरुवातीला मधोमध येत होता आणि मग हलकेच माझ्या बाजूला वळला. मला ऐकू आला. पण माझ्याआधी तो सेक्रेटरींना ऐकू आला. त्यांनी तोंड उघडलं आणि इतक्या दिवसांचा आरशापुढचा सराव त्या घाईत त्यांच्या जिभेवरून घसरून पडला.

"तुम्ही बसा!" ते ओरडले.

आणि मी उभा राहिलो.

मी ठरवून उभा राहिलो नाही. ठरवायला वेळच नव्हता. वर्षानुवर्षं ते दोन शब्द ऐकून जे काही माझ्यात साठलं होतं, ते एकदम गुडघ्यात आलं आणि गुडघे वाकेनात. आजवरच्या आयुष्यात मला कोणीतरी पहिल्यांदा खेळण्यासाठी बसायला सांगितलं आणि नेमका तेव्हा मी ताठ उभा होतो. चेंडू घंटा वाजवत माझ्या दोन पायांच्या मधून शांतपणे गेला आणि मागच्या भिंतीवर आपटला. पंचांनी शिट्टी वाजवली. मग सामना संपल्याची लांब शिट्टीही वाजवली. आम्ही एका गोलने हरलो होतो.

हॉलमध्ये कोणी बोलेना. ही शांतता बायकोने आणलेली नव्हती. मला ती चांगली माहीत आहे. आता सगळे येतील, दंड धरतील, फारच छान खेळलात म्हणतील, तुमच्याकडे बघून आम्हाला स्फूर्ती मिळते म्हणतील, आणि मला हळूच वळवतील. मी तयारीत राहिलो.

माझ्या डावीकडून पट्टी फाडल्यासारखी ओढून काढल्याचा आवाज आला.

"अरे, बस म्हणालो ना तुला!" सेक्रेटरी गरजले. "बहिरा आहेस का? कान कुठे होते तुझे? शेवटच्या चेंडूला खांबासारखा काय उभा राहतोस? घालवलीस ना मॅच!"

पन्नास माणसांचा श्वास पुन्हा अडकला. कोणीतरी "अहो सेक्रेटरी" असं पुटपुटलं. बायकोचं मी सांगू शकत नाही, ती गप्प होती आणि तिची गप्प बसण्याची तऱ्हा मला अजून पुरती कळलेली नाही. सेक्रेटरींच्या आवाजात माझ्या कानांनी माया शोधली. अजिबात नव्हती. निखळ, कडक, हरलेल्या माणसाचा संताप होता. असा संताप लोक माझ्या फोनवर रोज करतात, पण तो विमा कंपनीवर असतो. हा माझ्यावर होता, माझ्या चुकीसाठी, जसा तो डॉक्टरांवर झाला असता.

"चुकलो," मी म्हटलं. "माझंच चुकलं रे."

"चुकलो काय चुकलो. पुढच्या वेळी बस म्हटलं की बसायचं. शब्द आवडो नाही तर न आवडो."

"बसेन."

"रविवारी सकाळी सराव. उशीर केलास तर बघ."

"बघतो," मी म्हटलं.

मग त्यांच्या लक्षात आलं असावं आपण काय बोललो ते, कारण त्यांनी घसा खाकरला. पण शब्द परत घेतले नाहीत, आणि देवाची कृपा की माफीही मागितली नाही. बँकेच्या बाई चालत आल्या, दोघांनाही हात मिळवून म्हणाल्या, "परतीचा सामना आमच्याकडे. भांडण तोवर संपवू नका." डॉक्टरांना पुन्हा वाचा फुटली होती, ते आजोबांना हनुवटीची हकीकत पहिल्यापासून सांगत होते. इमारत माझ्याभोवतीने चहाच्या टेबलाकडे निघाली आणि जाता जाता मला चक्क धक्के लागले.

 मी सवयीने खुर्चीकडे हात नेला. खुर्चीत आजोबा होते. माझा हात लागल्यावर ते जरा हलले, पण उठले नाहीत, आणि मला कोणीही बसा म्हणालं नाही. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. पाय फार दुखत होते.